केलह: म्हातारपणासाठीचा एक विरळा हिब्रू शब्द

हिब्रू बायबलमध्ये, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्या ग्रंथात, म्हातारपणासाठी बरेच शब्द आहेत. त्यांतला एक इतका विरळा आहे की अख्ख्या ग्रंथात तो फक्त दोनदा सापडतो, आणि दोन्ही वेळा ईयोबाच्याच पुस्तकात, म्हणजे अचानक सगळं गमावलेल्या एका सज्जन माणसाच्या काव्यकथेत. शब्द आहे 'केलह'. शेवटचं अक्षर घशातून, 'ह' आणि 'ख' यांच्या मधलं काढायचं. आजच्या इस्राएलमध्ये तो 'केलाख' असा ऐकू येतो.

पहिल्या ठिकाणी वाचला तर वाटतं, याचा अर्थ पिकलेलं वय. दुसऱ्या ठिकाणी वाचला तर वाटतं, याचा अर्थ अंगातली ताकद. म्हातारपण आणि ताकद या दोन गोष्टी आपण सहसा एका वाक्यात आणत नाही. एक आली की दुसरी जाते असं धरून चालतो. इथे मात्र एकच शब्द दोन्हींकडे बोट दाखवतो. म्हणूनच मला तो फार मोलाचा वाटतो, आणि त्याचा अर्थ कसा शोधला गेला हे नीट, सावकाश सांगावंसं वाटतं.

आधी त्याचे शेजारी पाहू. सगळ्यात नेहमीचा शब्द 'झाकेन', म्हणजे म्हातारा. दाढीला हिब्रूत 'झाकान' म्हणतात. अक्षरं तीच, स्वर थोडे वेगळे. झाकेन म्हणजे मुळात दाढीवाला, पुरा वाढलेला पुरुष. त्याचंच अनेकवचन 'झकेनीम' म्हणजे गावचे वडीलधारे, पंच. ते गावाच्या वेशीपाशी बसत आणि जमिनीचे, लग्नाचे, वारशाचे निवाडे करत. रूथच्या गोष्टीत बवाज दहा वडीलधाऱ्यांना वेशीपाशी बसवतो आणि त्यांच्या साक्षीने व्यवहार पुरा करतो, ते हेच. म्हणजे या शब्दात वयाबरोबर अधिकार आहे. त्यापासूनच 'झिकना', म्हणजे म्हातारपणाची अवस्था. आणि 'झकूनीम' हे आणखी एक रूप, जे उतारवयात झालेल्या लेकरांच्या संदर्भात येतं: इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहाम याला झालेला इसहाक, आणि इसहाकाचा मुलगा याकोब याचे योसेफ आणि बन्यामीन.

दुसरा शब्द 'सेवाह'. याचा अर्थ पांढरे केस, आणि त्यावरून म्हातारपण. मराठीत केस पांढरे झाले की ते 'पिकले' म्हणतो, तेव्हा हा अर्थ आपल्याला परका नाही. हिब्रू बायबलमधला आदराचा सूर बहुतेक वेळा या शब्दाभोवती आहे. लेवीय नावाच्या पुस्तकात (१९:३२) सरळ आज्ञाच आहे की पिकल्या केसांसमोर उठून उभं राहावं. नीतिसूत्रांत (१६:३१) पिकले केस म्हणजे शोभेचा मुकुट. आणि अब्राहामाला जे मरण कबूल केलं आहे ते 'चांगल्या सेवाह'मधलं, चांगल्या पिकल्या वयातलं. पण याच शब्दाला दुःखही चिकटलेलं आहे. याकोब आपल्या मुलांना म्हणतो की बन्यामीनाला काही झालं, तर तुम्ही माझे पिकले केस शोकाने अधोलोकात उतरवाल.

या दोन शब्दांना शेकडो वर्षांचा वापर आहे, डझनावारी वाक्यं आहेत. त्यांचा अर्थ लावताना अडत नाही. केलहचं तसं नाही. दोन वाक्यं, बस. आणि ईयोबाचं पुस्तक म्हणजे हिब्रूतलं सगळ्यात अवघड काव्य. ग्रंथात इतरत्र कुठेच न सापडणारे शब्द त्यात शंभराहून अधिक आहेत. अशा वेळी अर्थ ठरवायला शब्दकोश उपयोगी पडत नाही, कारण शब्दकोश लिहिणाऱ्याकडेही तीच दोन वाक्यं असतात.

तेव्हा ती वाक्यंच जवळून पाहायला हवीत.

पहिलं वाक्य पाचव्या अध्यायातलं. ईयोबाची मुलं वारली आहेत, सात मुलगे आणि तीन मुली, सगळे एकाच दिवशी. गुरंढोरं, मेंढरं, उंट गेले. अंगभर गळवं उठली आहेत आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो आहे. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. मग ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. त्यावर पहिला बोलतो तो अलीफज, तिघांतला बहुधा सगळ्यात वडील. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देव शिक्षा करतो ती सुधारण्यासाठी, तू ती मान, म्हणजे सगळं ठीक होईल. दुष्काळात तो तुला वाचवेल, लढाईत वाचवेल, रानातली जनावरं तुझ्याशी सलोख्याने वागतील, तुझा तंबू सुखरूप राहील, तुझी संतती जमिनीवरच्या गवतासारखी अमाप होईल. दहा मुलं नुकतीच गमावलेल्या बापाला हे ऐकवलं जातं आहे, हे विसरू नये.

आणि या यादीचं शेवटचं आश्वासन ते आपलं वाक्य. मी त्याचं मराठी असं करेन: 'तू केलहमध्ये कबरेकडे येशील, जशी धान्याची सुडी आपल्या वेळी वर चढते.'

वाक्याचा दुसरा अर्धा भाग शेतातला आहे आणि अर्थाची पहिली किल्ली तिथेच आहे. 'गादीश' म्हणजे कापणीनंतर पेंढ्या रचून केलेली सुडी. मळणी होईपर्यंत धान्य कणसातच राहतं आणि पेंढ्यांची सुडी लागते. त्या मुलखात सातू एप्रिलच्या सुमारास कापणीला येतो, गहू त्यानंतर मे महिन्यात. 'वर चढते' असं का म्हटलं? खळं उंचावरच्या मोकळ्या जागेवर असायचं, वारं लागावं म्हणून, कारण उफणणी वाऱ्यावरच होते. शेतातून पेंढ्या तिथे वर नेल्या जात. 'आपल्या वेळी' हे दोन शब्दही महत्त्वाचे आहेत. हिरवं कापलं तर दाणा चिमतो, उशिरा कापलं तर दाणा झडून जमिनीवर पडतो. वेळ म्हणजे दाणा पूर्ण भरलेला आणि अजून कणसात घट्ट असतानाची.

मराठीत म्हाताऱ्या माणसाला आपण पिकलं पान म्हणतो. पान पिकलं की गळतं आणि संपतं. अलीफजच्या वाक्यात पिकणं वेगळं आहे. धान्य पिकतं तेव्हाच ते कामाचं होतं. पिकणं हाच त्याच्या वाढीचा हेतू. म्हणून केलह म्हणजे नुसतं 'पुष्कळ वर्षांनी' नाही. भरलेल्या दाण्याची अवस्था त्यात आहे.

या 'गादीश'बद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा सांगितली जात नाही आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. याच पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, हाच शब्द थडग्यावरच्या मातीच्या उंचवट्यासाठी आला आहे. तिथे ईयोब म्हणतो की दुष्ट माणूस मानाने पुरला जातो आणि त्याच्या गादीशवर पहारा ठेवला जातो. रचलेला ढीग, मग तो पेंढ्यांचा असो वा मातीचा. म्हणजे अलीफजच्या वाक्यात सुडी आणि कबर हे दोन दूरचे पदार्थ उपमेने जोडलेले नाहीत. एकाच शब्दाला दोन्ही अर्थ चालतात. कवीने तो शब्द जाणूनबुजून निवडला असणार, कारण सुडीसाठी हिब्रूत दुसरे शब्द होते.

आता दुसरं वाक्य, तिसाव्या अध्यायातलं. मधे बरंच भांडण होऊन गेलं आहे. मित्रांची भाषणं संपली आहेत आणि ईयोब शेवटचं सांगतो आहे. पूर्वी मी वेशीत गेलो की तरुण बाजूला होत, म्हातारे उठून उभे राहत. आणि आता माझ्याहून लहान पोरं मला हसतात. ज्यांच्या बापांना मी माझ्या मेंढरांच्या कुत्र्यांबरोबरही उभं केलं नसतं, त्यांची पोरं. मग येतं वाक्य: 'त्यांच्या हातांची ताकद तरी मला काय कामाची? त्यांच्यातलं केलह नाहीसं झालं आहे.' पुढच्या ओळींत वर्णन आहे की भुकेने वाळलेली ही माणसं रखरखीत जमीन कुरतडतात, झुडपांजवळची खारट पाला-भाजी खुडतात, आणि रोथेम नावाच्या वाळवंटी झुडपाची मुळं हेच त्यांचं अन्न.

(इथे हिब्रूत शब्द 'केलह' नसून 'कालह' असा दिसतो. वाक्याच्या अखेरीस थांबा आला की हिब्रूत स्वर लांबतो, एवढाच फरक. मूळ लेखनात फक्त व्यंजनं होती. स्वरांच्या खुणा नंतर, साधारण सातव्या ते दहाव्या शतकात, तिबिर्याच्या पाठ जपणाऱ्या विद्वानांनी पक्क्या केल्या.)

बायबलमधल्या हिब्रू कवितेत सहसा यमक नसतं. तिची चाल जोडीवर असते. एका ओळीचे दोन भाग, दुसरा भाग पहिल्याचंच म्हणणं वेगळ्या शब्दांत सांगतो किंवा पुढे ढकलतो. जुन्या शब्दांचे अर्थ लावणाऱ्यांचं हे सगळ्यात भरवशाचं साधन आहे. इथे पहिल्या भागात 'कोअह' आहे, म्हणजे ताकद. दुसऱ्या भागात त्याच्या जोडीला केलह. म्हणजे केलह ताकदीच्या जवळपासचं काहीतरी असणार. शिवाय संदर्भ उपाशी, सुकलेल्या माणसांचा आहे; त्यांच्यातून जे गेलं ते वय असू शकत नाही.

जुन्या भाषांतरकारांची इथे जी ओढाताण झाली ती पाहण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वी ज्यूंनीच ग्रीकमध्ये जे भाषांतर केलं, त्यात पहिल्या ठिकाणी केलहची जागा पिकलेल्या गव्हाने घेतली: वेळेवर कापलेल्या पिकल्या गव्हासारखा तू थडग्यात जाशील. दुसऱ्या ठिकाणी 'पूर्णता' किंवा 'शेवट' अशा अर्थाचा शब्द घातला. जेरोम या ख्रिस्ती विद्वानाच्या लॅटिन भाषांतरात पहिल्या ठिकाणी 'भरपूरपणे' असं आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याने अख्खं वाक्यच फिरवून टाकलं: ती माणसं जगण्याच्याही लायकीची समजली जात नव्हती. धर्मसुधारक लूथरच्या जर्मन भाषांतरात साधं 'म्हातारपणी' आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पहिल्या ठिकाणी 'पुऱ्या वयात' हे छान जमून गेलं. पण त्यांनी दुसऱ्या ठिकाणीही शब्दाचा अर्थ म्हातारपणच ठेवला, आणि वाक्य झालं असं: 'ज्यांच्यात म्हातारपण नष्ट झालं होतं, त्यांच्या हातांची ताकद माझ्या काय कामाची?' वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. म्हातारपण नष्ट झालं म्हणजे चांगलंच की! शब्दाला एकच ठरलेला अर्थ देऊन तो सगळीकडे चिकटवला की काय होतं, याचा याहून स्पष्ट नमुना मला ठाऊक नाही.

या भाषांतरकारांना हिणवायचं कारण नाही. हे काम किती कष्टाचं असतं याचा एक दाखला महाराष्ट्रातलाच आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या बाईंना साध्या बायकांना कळेल अशी मराठी हवी होती. छपाई केडगावलाच झाली आणि खिळे जुळवण्यापासूनची कामं मिशनमधल्या बायकांनी केली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ईयोबाचं पुस्तक मुळातून उतरवणाऱ्या प्रत्येकाला पाचव्या आणि तिसाव्या अध्यायात याच दोन ओळींपाशी थांबावं लागतं, आणि रमाबाईंच्या टेबलावरही त्या होत्या.

मग आधुनिक अभ्यासकांनी काय केलं? एक वाट शेजारच्या भाषांची. अरबी ही हिब्रूची बहीण, तिच्यात तीन व्यंजनांचा तोच धातू आहे, पण त्याचा अर्थ ओठ मागे जाऊन दात दिसतील असा आक्रसलेला, करडा चेहरा. कुराणात (२३:१०४) नरकातल्या लोकांच्या चेहऱ्यांबद्दल तो आला आहे. काहींनी त्यातून 'करडेपणा, म्हणून कणखरपणा' असा पूल बांधला. मला तो ताणलेला वाटतो. दुसऱ्या काहींनी म्हटलं की पाचव्या अध्यायात नकलेची चूक झाली असेल, मूळ शब्द वेगळाच असेल. पण तोच शब्द पंचवीस अध्यायांनंतर पुन्हा येतो, तेव्हा दोन्हीकडे तीच चूक झाली असं मानायला मन धजत नाही.

एक चकवाही आहे. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात 'कालह' नावाचं शहर येतं, अक्षरं हुबेहूब हीच. ते अश्शूरचं कल्हू, आजच्या इराकमधलं मोसुलजवळचं निमरूद. तिथे १८४५ मध्ये लेयर्ड या इंग्रज उत्खननकाराने खोदकाम सुरू केलं आणि पंख असलेले प्रचंड दगडी बैल बाहेर काढले. हे अश्शूरी नाव आहे. आपल्या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

मला सगळ्यात पटणारं उत्तर हिब्रूतूनच येतं. काही अभ्यासकांनी सुचवलं की केलह हा दोन शब्दांच्या मिलाफातून झालेला असावा: 'कोअह' म्हणजे ताकद आणि 'लेअह' म्हणजे ओलावा, ताजेपणा. कोअहमधला क आणि ह, लेअहमधला ल आणि ह. हे सिद्ध झालेलं नाही आणि कधी होईल असंही नाही. पण लेअह हा शब्द जिथे येतो ती जागा पाहिली की ही सूचना सहज टाकून देता येत नाही.

ती जागा म्हणजे इस्राएलांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढणाऱ्या मोशेच्या मरणाची, बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली (३४:७). मोशे एकशे वीस वर्षांचा होता, त्याची नजर मंद झाली नव्हती आणि त्याचा लेअह पळाला नव्हता. याच घरातला 'लह' हा शब्द हिब्रूत ओल्या, ताज्या वस्तूंसाठी वापरतात: नुकती तोडलेली हिरवी द्राक्षं, हिरवं झाड, शमशोन या बलदंड वीराला बांधायला आणलेल्या अजून न वाळलेल्या ताती. म्हणजे एकशे विसाव्या वर्षी मोशे वाळलेला नव्हता. म्हातारा होता, पण आतून ओला. आणि आता ईयोबाच्या तिसाव्या अध्यायातली ती माणसं आठवा: वयाने लहान, पण वाळलेली, कोरडी, मुळं चघळणारी. मोशेमध्ये जे टिकलं ते त्यांच्यातून गेलं आहे. दोन्ही टोकं अशी समोरासमोर ठेवली की केलहचा अर्थ दोघांच्या मधोमध उभा राहतो.

मराठीत यासाठी मला एकच शब्द सुचतो: कस. जमिनीचा कस, धान्याचा कस, माणसाचा कस. कस म्हणजे वय नाही आणि नुसती अंगमेहनतीची ताकदही नाही. आतलं सत्त्व, ज्याच्यावर बाकीचं उभं राहतं. दोन्ही वाक्यांत तो घालून पाहावा. 'कस शाबूत असताना तू कबरेकडे येशील, जशी धान्याची सुडी आपल्या वेळी वर चढते.' आणि: 'त्यांच्या हातांची ताकद मला काय कामाची? त्यांच्यातला कस निघून गेला आहे.' दोन्ही वाक्यं बसतात, कुठेही ओढाताण होत नाही. १६११ च्या मंडळींना जे दोन ठिकाणी एकाच शब्दाने साधलं नाही ते मराठीत साधतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

ज्यू परंपरेत या शब्दाला आणखी एक वळण मिळालं. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते आणि शब्दांची बेरीज करून अर्थ काढायची जुनी पद्धत आहे. अलीफजच्या वाक्यात शब्द येतो तो 'मध्ये' या अर्थाच्या 'ब' अक्षरासकट. ब म्हणजे २, क २०, ल ३०, ह ८. बेरीज ६०. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू गुरूंच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात, मोएद कातान या भागात (२८अ), वयानुसार मरणाचा अर्थ काय यावर चर्चा चालली आहे. पन्नाशीच्या आत (एका मताप्रमाणे साठीच्या आतही) मरण म्हणजे आयुष्य मधेच छाटलं जाणं, साठाव्या वर्षी मरण म्हणजे देवाच्या हातचं सरळ मरण. साठच का, याला आधार म्हणून केलहचं हेच वाक्य पुढे केलं आहे. लगेच एक गोष्ट येते. रव योसेफ नावाचे मोठे गुरू साठ वर्षांचे झाले तेव्हा त्यांनी विद्वानांना मेजवानी दिली. म्हणाले, छाटल्या जाण्याच्या धोक्यातून मी सुटलो. आपल्याकडच्या साठीशांतीची आठवण यावी असाच हा प्रसंग. त्यांचा शिष्य अबय्ये म्हणाला, वर्षांच्या धोक्यातून सुटलात, पण अचानक मरण येण्याच्या धोक्यातून सुटलात का? रव योसेफ म्हणाले, निदान अर्धं तरी पदरात पडलं ना, ते घट्ट धर.

तालमूदची ही बेरीज शब्दाचा मूळ अर्थ सांगत नाही. भाषाशास्त्र म्हणून तिला वजन नाही. पण ती एक गोष्ट दाखवते की त्या काळच्या वाचकांनाही केलह म्हणजे 'योग्य वेळ' असंच वाटत होतं, आणि ती वेळ नेमकी कधी येते हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. वयाच्या पायऱ्या मोजण्याची ही आवड मिश्नेतल्या, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहातल्या, 'अवोत' या भागातही आहे: साठाला झिकना, सत्तरीला सेवाह, ऐंशीला सामर्थ्य. ऐंशीला सामर्थ्य हे नव्वदाव्या स्तोत्रातून आलं आहे. तिथे म्हटलं आहे की आमची वर्षं सत्तर, आणि शक्ती असली तर ऐंशी.

यावरून कोणाला वाटेल की हिब्रू बायबल म्हातारपणाचं नुसतं गुणगान करतं. तसं अजिबात नाही, आणि केलहची किंमत कळायला ही दुसरी बाजू पाहिलीच पाहिजे. इसहाकाचे डोळे गेले आणि त्याच्या धाकट्या मुलाने त्या आंधळेपणाचा फायदा घेऊन आशीर्वाद लाटला. एली याजक ९८ वर्षांचा, दिसत नाही, शरीर जड. वाईट बातमी ऐकून आसनावरून मागे कोसळतो आणि मान मोडून मरतो. दावीद राजावर पांघरुणांवर पांघरुणं घातली तरी त्याच्या अंगात ऊब येत नाही. एकाहत्तराव्या स्तोत्रात तर उघड विनवणी आहे: झिकनाच्या काळात मला टाकून देऊ नकोस, माझी ताकद संपेल तेव्हा मला सोडू नकोस. इथे म्हातारपण आणि ताकद संपणं हे एकाच श्वासात आहेत.

पण या सगळ्यांत मला सगळ्यात हलवून जातो तो बर्जिल्लय. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला, यार्देनपलीकडचा एक श्रीमंत म्हातारा. दावीद आपल्याच मुलाच्या बंडामुळे पळत असताना यानेच त्याला आणि त्याच्या माणसांना खाऊ घातलं होतं. बंड मोडलं, दावीद परत निघाला, आणि म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमला चल, मी तुला सांभाळीन. बर्जिल्लय म्हणतो: मी आज ऐंशी वर्षांचा आहे. मला आता बरं-वाईट कळतं का? जे खातो-पितो त्याची चव लागते का? गाणाऱ्यांचा आणि गाणारणींचा आवाज ऐकू येतो का? मी कशाला महाराजांना भार होऊ? मला माघारी जाऊ द्या, माझ्या गावात, आईबापांच्या थडग्याजवळ मरू द्या. आणि मग आपल्या जागी किम्हाम नावाच्या तरुणाला पुढे करतो, याला न्या म्हणतो.

जीभ गेली, कान गेले. बर्जिल्लय स्वतःबद्दल काहीही लपवत नाही. पण त्याने वेळेवर मदत केली, बक्षीस नाकारलं, आणि आपली संधी दुसऱ्याला दिली. केलह हा शब्द त्या गोष्टीत नाही. तरीही केलह म्हणजे काय हे कोणाला माणसाच्या रूपात दाखवायचं झालं, तर मी मोशेच्या आधी बर्जिल्लयकडे बोट दाखवेन. मोशेचं शरीर टिकलं होतं. याचं टिकलं नव्हतं आणि कस मात्र पुरा होता.

आजच्या हिब्रूत हा शब्द जिवंत आहे, पण एकाच वाक्प्रचारात. 'आवाद आलाव हा-केलाख', शब्दशः 'त्याच्यावरचं केलह हरवलं'. जुनाट कायदा, मोडीत निघालेलं यंत्र, कालबाह्य विचार यांच्याबद्दल ते म्हणतात. उगम थेट ईयोबाच्या तिसाव्या अध्यायात. पाचव्या अध्यायातला भरलेल्या सुडीचा अर्थ बोलीत उरला नाही, हरवण्याचा तेवढा उरला.

शेवटी पुन्हा अलीफजकडे यायला हवं, कारण हे आश्वासन त्याने दिलं होतं आणि ते देताना त्याला शंका नव्हती. त्याच्या भाषणाचं शेवटचं वाक्य आहे: आम्ही हे तपासून पाहिलं आहे, हे असंच आहे, ऐक आणि समजून घे. पुस्तकाच्या अखेरीस देव याच अलीफजला म्हणतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर आहे, माझ्याबद्दल ईयोबाने जसं नीट सांगितलं तसं तुम्ही सांगितलं नाही. आणि तरीही ईयोबाच्या बाबतीत जे घडतं ते अलीफजने सांगितल्यासारखंच दिसतं. त्याची मालमत्ता दुप्पट होते, त्याला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात, तो आणखी १४० वर्षं जगतो आणि चार पिढ्या पाहतो.

कित्येक वाचकांना हे खटकतं. मित्राचं खरं ठरलं, मग देवाने त्याला चूक का म्हणावं? मला वाटतं, उत्तर अलीफजच्या अटीत आहे. त्याने कस शाबूत राहून येणारं मरण हे गप्प बसून शिक्षा मान्य केल्याचं बक्षीस म्हणून देऊ केलं होतं. ईयोब गप्प बसला नाही. तो तिसाव्या अध्यायाच्याही पुढेपर्यंत भांडला, जाब मागितला, मित्रांना खोटे म्हणाला, देवाला समोर ये म्हणाला. त्याच्यातला कस त्या भांडणातच दिसतो, आणि तो त्याला कोणी बक्षीस म्हणून दिलेला नव्हता. शेवटच्या अध्यायात निवेदक केलह हा शब्द वापरतही नाही. ईयोबाच्या मरणाच्या ओळीत (४२:१७) आहे ते इतकंच: 'म्हातारा आणि दिवसांनी तृप्त'. इसहाक गेला तेव्हा उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायातही नेमके हेच शब्द आले आहेत.